आधी सुधारा, मग या

त्या ब्राउझरचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. तसं मी त्याला 'म्हातारा' म्हणायचे. आवृत्ती चार. दोन हजार दोन साल उजाडलं तरी मेला मरत नव्हता.

ब्राउझर म्हणजे ज्यातून इंटरनेटची पानं बघायची तो प्रोग्राम, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. मी रत्नागिरीत वेबसाईटी बनवते म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे टायपिंग का, नीरजाताई?" मी हो म्हणायचे. कोण डोकं फोडून घेणार?

मारुती मंदिरापासून जरा आत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत मी, एकीत कॉम्प्युटर. आई गेल्यापासून तिसरं कोणी नाही. फोन वाजायचा तो गिऱ्हाइकाचा, आणि तोही साईट बिघडली म्हणून. रविवारी तर तेवढाही नाही. रविवारी दुपारी एकटीचं ताट घासताना मी मोठ्याने काहीबाही बोलायचे, घशातून आवाज येतोय ना ते बघायला. हसू नका, खरं सांगत्ये.

तर म्हाताऱ्याचं दुखणं. मी साईट बनवायची, नव्या ब्राउझरात ती कशी देखणी दिसायची! डावीकडे मजकूर, उजवीकडे फोटो, सगळं जागच्या जागी. तीच म्हाताऱ्यात उघडली की मजकूर फोटोच्या उरावर बसायचा. खिडकी जरा लहानमोठी केली की हा सगळे रंग विसरायचा. पान लिहिताना चौकटींच्या एखाद्या तक्त्याच्या शेवटी तो बंद करायची खूण टाकायला विसरलात तर नवा ब्राउझर समजून घ्यायचा. हा फुरंगटून अख्खं पान पांढरं ठेवायचा. शंभरातली चार माणसं म्हाताऱ्याला धरून बसलेली, आणि त्या चौघांसाठी मी प्रत्येक साईट दोनदा बनवायची, दुसऱ्यांदा मुद्दाम वाईट.

त्या चौघांत आमचे काशीरामशेठ. लांज्याला त्यांचा काजूचा कारखाना. त्यांची साईट घाईत एकदाच, नव्या ब्राउझरपुरती करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी फोन.

"बाई, साईट पडली हो. काजूगर माझ्या तोंडावर आलेत."

नव्या ब्राउझरची सीडी घेऊन मी एस.टी.ने लांज्याला गेले. काशीरामशेठनी सीडी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"चालतंय ना आमचं? मग कशाला बदलायचं?"

"चालत नाही म्हणून तर तुम्ही फोन केलात!"

"ते तुमचं चुकलंय बाई. बाकीच्या साईटी दिसतात की."

कॉफी प्यायले, त्यांनी काजूची पुडी हातात दिली, आणि मी दात-ओठ खात परत निघाले.

आता मालगुंडचं सांगायला हवं. गिऱ्हाइकांच्या साईटी सोडून माझी स्वतःची एक साईट होती, मालगुंड गावाची. आमचं लहानपण तिथलं, बाबा तिथे शाळेत मास्तर होते. कोणी विचारलं तर सांगायचे, नमुना म्हणून केली आहे. साफ खोटं. ती मी वेदसाठी केली होती.

वेद माझा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान. पॉलिटेक्निक अर्धवट सोडून मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर जायला लागला. मास्तरांचा मुलगा जाळी ओढतो म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली. मला जाळ्यांचं काही नव्हतं, त्याच्या पिण्याचं होतं. अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात आई गेली तेव्हा तो समुद्रात होता. उगवला तो थेट तेराव्याला, आणि तोही पिऊन. मी भरल्या पंगतीत त्याला म्हटलं, "आईला तू मारलंस." तिचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी म्हटलं. जीभच तशी आहे माझी. तो पानावरून उठला आणि चालता झाला. पुढे कुठल्याशा बोटीवर परदेशी गेला एवढंच कानावर आलं. चार वर्षं एक ओळ नाही, एक फोन नाही.

माझा विचार सरळ होता. परमुलखात माणसाला कधी तरी गावाची आठवण येतेच. तो कुठे तरी कॉम्प्युटरसमोर बसेल, मालगुंड हा शब्द टाकेल, आणि माझी साईट येईल, कारण दुसरी नव्हतीच. म्हणून मी तिच्यात त्याला ओळखीचं वाटेल ते घातलं. समुद्राकडे जाणारी सुरूंमधली वाट, शाळेचा व्हरांडा, ज्या आंब्यावरून पडून त्याने हात मोडून घेतला तो आंबा, आईचा फोटो. अभिप्रायासाठी एक पान ठेवलं. मुंबईचे दोन-चार चाकरमानी त्यावर 'छान उपक्रम, अभिनंदन' लिहून गेले. वेद नाही.

लांज्याहून तणतणत आले त्या दिवशी मी चपला काढल्या आणि ठरवलं, निदान माझ्या स्वतःच्या साईटवर तरी म्हाताऱ्याला थारा द्यायचा नाही. पहिल्याच पानावर अशी मेख मारली की म्हातारा आला की त्याला आत सोडायचंच नाही, नुसती एक पाटी दाखवायची. मराठी फाँट म्हाताऱ्याला कळत नसे, सगळे चौकोन-चौकोन दिसायचे. म्हणून मी जाड पेनाने कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, कागद स्कॅन केला आणि चित्र म्हणून टांगला.

'जुनंपानं घेऊन इथे येऊ नये. आधी सुधारा, मग या.'

काय बरं वाटलं म्हणून सांगू! 'कृपया सुधारित आवृत्ती वापरावी' असं रीतसर लिहायला हवं होतं. पण रागात कोण रीतसर लिहितो? गणपती नुकतेच होऊन गेले होते. त्यानंतर मी त्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला ती दिसायचीच नाही, कारण माझा ब्राउझर नवा.

डिसेंबरात एका गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मितेश. वेदचा मिरकरवाड्याचा दोस्त; ज्या ट्रॉलरवर वेद पहिल्यांदा चढला तो ह्याच्याच काकाचा. चांगला काळाभोर झाला होता. हातात परदेशी साबणांची पिशवी.

खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला, "दोन महिने सुट्टीवर आलोय, ताई. आफ्रिकेत असतो मी, मोंबासाला. बंदरात टगवर काम करतो, मोठी जहाजं ओढायची बोट असते ती." मग पिशवी माझ्याकडे सरकवली. "वेद पण तिथेच हाय."

मी भिंतीला धरून खाली बसले.

"बरा आहे?"

"बरा हाय. दारू सोडलीन. दोन वर्षं झाली."

"मग एक फोन करता येत नाही मेल्याला?"

मितेशने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वावगं बोलले. "तुम्हीच त्याला येऊ नको बोल्लात ना?"

"अरे, त्याला चार वर्षं झाली!"

"तेव्हाचं नाय बोलत मी. आत्ताचं. कॉम्प्युटरवर."

मला काही उलगडेना. मग त्याने सगळं सांगितलं. बंदरात खलाशांचा क्लब आहे. तिथे एकच कॉम्प्युटर, फार जुना. रविवारी रांग लावायची, पाळी आली की दहा मिनिटं मिळतात. ऑक्टोबरात एका रविवारी वेदने मालगुंड टाकलं, आणि समोर माझं अक्षर.

"मी बाजूलाच हुतो. 'आधी सुधारा, मग या.' दोनदा वाचलान. बोल्ला, हे ताईचं अक्षर. ताईला कळलंय मी कुठे हाय ते. माझ्यासाठीच लावलीन पाटी."

"अरे देवा! मितेश, ती पाटी ब्राउझरसाठी आहे!"

"कोणासाठी?"

मी त्याला म्हाताऱ्याची सगळी कुळकथा सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"पण ताई, पाटीवर तसं लिहिलंय कुठे?"

खरंच कुठे लिहिलं होतं? ब्राउझर हा शब्दच पाटीवर नव्हता. आणि आमच्या घरात 'सुधारणं' एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं. बाबा म्हणायचे, "सुधारा आता, वेदोबा." आई म्हणायची, "सुधारेल हो, लहान आहे." शेजारपाजारचे दारातून विचारायचे, "काय, सुधारला का तुमचा?" तो शब्द, माझं अक्षर, आणि गावाचं नाव. त्याने दुसरं काय समजावं? त्यातून हा दोन वर्षं दारूला न शिवलेला.

"मग नंतर त्याने साईट बघितलीच नसेल."

"दर रविवारी बघतो. पाटी काढलीत काय, ते बघायला जातो."

मितेश सांगत राहिला. एकतीस तारखेला वेदचा करार संपत होता. आधी घरी यायचं म्हणत होता. आता म्हणतो, अंगोलाला तीन वर्षांचं काम आहे, त्यावर सही करतो आणि जातो. फोन करावा तर टगवर बाहेरचा फोन येत नाही. पत्र टाकावं तर मुंबईच्या एजंटमार्फत जातं, महिना लागतो.

"मला बोल्ला, ताईकडे जाऊ नको. पण माझी आई बोल्ली, जा," असं म्हणून मितेश उठला.

तो गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. साईटवर कोण कधी आलं, कुठून आलं, कुठला ब्राउझर घेऊन आलं, याची यादी सर्व्हरवर राहते. मी त्यातली नुसती बेरीज बघायचे: म्हातारा इतके टक्के, आणि शिव्या घालायचे. ओळ न् ओळ कधी वाचली नव्हती. त्या दिवशी वाचली. पत्त्याच्या शेवटी 'के' आणि 'ई' ही दोन अक्षरं, म्हणजे केनिया, मोंबासाचा देश. रविवार. पुढचा रविवार. त्याच्या पुढचा. अकरा रविवार. दर वेळी एक पान आणि एक चित्र, त्यापुढे काही नाही. मी माझ्या भावाला अकरा वेळा दारातून हाकललं होतं, आणि मला पत्ता नव्हता. मी पदराने तोंड दाबून रडले, मग कशाला दाबायचं, ऐकायला कोण आहे, म्हणून मोकळ्याने रडले.

एकतीस तारखेच्या आत दोन रविवार होते, पण दुसऱ्यावर मी विसंबणार नव्हते. पाटी काढणं दोन मिनिटांचं काम. पण पाटी काढून त्याला आत दिसणार काय? आईच्या फोटोवर चढलेला मजकूर, नाही तर पांढरं पान. म्हणजे अख्खी साईट म्हाताऱ्याच्या तब्येतीने नव्याने बांधायला हवी होती. शुक्रवारभर तेच केलं. नव्या जमान्याचं जे जे मला येत होतं ते उपटून फेकलं. तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता, आणि मराठी सगळं हाताने लिहून स्कॅन. पाच वर्षांपूर्वी शिकाऊ असताना करायचे तसं ओबडधोबड.

पण खात्री कशी करणार? माझ्याकडचा म्हातारा मी पाटी लावली त्याच रागात पुसून टाकलेला. पुन्हा उतरवून घ्यायचा तर आमच्या त्या फोनच्या लाईनवर सहा तास, आणि मध्येच लाईन तुटली की पुन्हा श्रीगणेशा. शनिवारी सकाळी नवी पानं भरलेली फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि लांज्याची एस.टी. पकडली.

"या, या!" काशीरामशेठ म्हणाले. "पुन्हा सीडी आणलीत वाटतं?"

"नाही हो. तुमचा म्हातारा जरा बघायचाय."

"वडील जाऊन पाच वर्षं झाली आमचे."

"तसं नव्हे! कॉम्प्युटर, कॉम्प्युटर!"

त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली. मी मालगुंड टाकलं आणि पहिल्यांदाच ती पाटी बाहेरून पाहिली. केवढी मोठी अक्षरं काढली होती मी! काशीरामशेठ मागे उभे होते, त्यांनी ती वाचली.

"हे आम्हाला लिहिलंत होय?"

"तुम्हालाच लिहिलं होतं," मी म्हटलं, "पण भावाला लागलं."

त्यांनी पोह्यांची बशी आणून ठेवली आणि कामगारांकडे निघून गेले. मी तीन तास बसले. दोन ठिकाणी तक्ता बंद करायचा राहिला होता, एका ठिकाणी आंब्याचा फोटो शाळेवर पडला होता. एकेक दुरुस्त केलं. शेवटी आईचा फोटो म्हाताऱ्यात नीट, सरळ, जागच्या जागी आला तेव्हा मी त्या डबड्याला खरोखर हात जोडले.

घरी येऊन पाटीच्या जागी दुसरा कागद लिहायला घेतला. तीन कागद फाडले. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मला कधी लिहिताच आलेले नाहीत. चौथ्यावर लिहिलं:

'वेद, ती पाटी तुझ्यासाठी नव्हती. माझं चुकलं, आत्ताही आणि आईच्या वेळीही. फोन कर.'

कागद स्कॅन केला आणि नव्या पानांसकट साईटवर चढवला. सगळं मालगुंड वाचेल तर वाचो. नंबर 'संपर्क' नावाच्या पानावर होताच.

रविवारी अडीचलाच इंटरनेट लावून बसले. दर दोन मिनिटांनी यादी ताजी करायची आणि वाचायची. तीन वाजले. साडेतीन. पुण्याचं कोणी तरी आलं, त्याला मी हाड म्हटलं. चहासुद्धा उठून केला नाही. चार वाजून बारा मिनिटांनी ओळ आली. पत्त्याच्या शेवटी 'के', 'ई'. ब्राउझर: म्हातारा.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. पहिलं पान उघडलं. माझा कागद उघडला. मग वाट, शाळा, आंबा. मग आईचा फोटो, आणि त्यानंतर चार मिनिटं काहीच नाही. मी पडद्याला हात लावून "बघ, बघ हो" असं म्हणत होते. मग 'संपर्क'.

आता फोन करेल, मी म्हटलं, आणि यादीला डोळे लावून बसले.

चार चौतीसला पुन्हा ओळ. सरळ 'संपर्क'. म्हणजे पुन्हा रांग लावून आला असणार. चार छप्पन्नला पुन्हा 'संपर्क'. मला हसूच फुटलं. आकडे कधी राहिलेत याच्या डोक्यात? पाढे म्हणताना अकराच्या पुढे गाडी जायची नाही. पाच सतराला पुन्हा 'संपर्क'. अरे शुंभा, माझा नंबर सहा आकडी आहे, चार-चारदा काय बघतोस, हातावर लिहून घे ना! मी मोठ्याने ओरडले आणि मग माझी नजर टेबलाखाली गेली.

फोनची वायर मॉडेममध्ये होती. दुपारी अडीचपासून. इंटरनेट चालू असलं की आमचा फोन बाहेरून एंगेज लागायचा. रत्नागिरीत इंटरनेट असलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक होतं, आणि मी, वेबसाईटी बनवणारी बाई, त्याची वाट बघत त्याचीच वाट अडवून बसले होते. तो फोन लावत होता, एंगेज येत होतं, नंबर चुकला असेल म्हणून पुन्हा रांग लावून बघून जात होता.

मी वायर उपसली ती टेबल हलवूनच. फोनमध्ये खुपसली, रिसीव्हर उचलून टोन आहे ना ते बघितलं, आणि घाईघाईने खाली ठेवला. आता तो अजून तिथे आहे की कंटाळून गेला, हे बघायला पुन्हा इंटरनेट लावायला हवं, आणि ते लावलं की फोन गेला. मी हात मांडीखाली दाबून बसले. साडेपाच झाले. पावणेसहा. क्लब किती वाजता बंद होतो हे मितेशला विचारायचं राहिलं होतं. एकदा वाटलं, गेला. अंगोलाला गेला. मी देवाला असं काही म्हटलं की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच त्रेपन्नला फोन वाजला. पहिल्याच घंटेला उचलला. नुसती खरखर. मग एक जाडसर झालेला आवाज.

"ताई?"

चार वर्षं जे घोकून ठेवलं होतं त्यातलं एक अक्षर मला आठवेना. तोच पुढे म्हणाला, आणि चांगला चिडून म्हणाला, "काय गो हे? दीड तास झाला, फोन आपला एंगेज! एवढी कोणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशीच रे मेल्या," मी म्हटलं.